मनावरची खपली



आपल्या घरातल्या अठरा ते पंचवीस वयाच्या पोरापोरींबद्दल आपण कसं बोलतो, ते आठ दिवस नुसतं ऐका. "हा लहानपणापासूनच तापट." "ती आतल्या गाठीची, काही म्हणजे काही सांगायची नाही." "याला कशाचंच काही वाटत नाही, दगड आहे नुसता." "हिला सगळं जग दुश्मन वाटतं." पाहुणे आले की त्यांच्यासमोरही हेच. पोरगं तिथंच मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेलं असतं. आपल्याला वाटतं, त्याचं लक्ष नाही. ते सगळं ऐकत असतं आणि हळूहळू त्यालाही पटत जातं की आपण असेच आहोत.

माझं म्हणणं सरळ आहे. या वयात ज्याला आपण स्वभाव म्हणतो, त्यातला बराचसा भाग म्हणजे दुखावलेल्या मनानं स्वतःला वाचवायला धरलेली खपली असते. तिच्यावर स्वभावाचा शिक्का मारला की खालची जखम कुणी बघत नाही. आणि नखानं ओढून काढली तर पुन्हा रक्त येतं. घराघरांत या दोन्ही गोष्टी होतात. त्याची किंमत पोरं मोजतात. कुणाचं शिक्षण सुटतं, कुणी व्यसनाला लागतं, कुणी बायकोवर हात उचलतो, आणि कधी कधी एखादा जीवही जातो. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर आणला आहे.

मन स्वतःला कसं वाचवतं

तव्याला हात लागला की आपण विचार करत बसत नाही, हात आपोआप मागं येतो. मनाचंही तसंच आहे. अपमान, अपयश, भीती, लाज, दुःख सोसण्याच्या पलीकडं गेलं की मन आपोआप काहीतरी युक्ती करतं, म्हणजे ते दुखणं समोर येत नाही. सिग्मंड फ्रॉइड या डॉक्टरांनी १८९४ साली मनाच्या या बचावाबद्दल पहिल्यांदा लिहिलं. त्यांची मुलगी ॲना फ्रॉइड आधी शाळेत शिक्षिका होती, पुढं तिनं लहान मुलांच्या मनावर काम केलं. १९३६ साली तिनं या सगळ्या युक्त्या नीट मांडणारं पुस्तक लिहिलं. मानसशास्त्रात यांना संरक्षण यंत्रणा म्हणतात.

यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. ही लबाडी नसते. बहुतेक वेळा करणाऱ्याला स्वतःलाच कळत नसतं. आणि हे फक्त 'डोक्यानं कमी' असलेली माणसं करतात असंही नाही. तुम्ही करता, मी करते, डॉक्टर करतात, पुढारी करतात. मन जिवंत असल्याची ती खूण आहे. प्रश्न एवढाच, की कोणती युक्ती, किती वेळा आणि किती वर्षं.

वस्तीतली ओळखीची रूपं

पोलिस भरतीत दोनदा मागं राहिलेला मुलगा घ्या. रोज पहाटे उठून मैदानावर पळणारा आता अकरापर्यंत झोपतो आणि म्हणतो, "मला कुठं पोलिस व्हायचं होतं? त्या नोकरीत काय ठेवलंय?" कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं आपण म्हणतो. पुस्तकात याला समर्थन म्हणतात. त्या वाक्याच्या मागं दोन वर्षांचा घाम आणि हरल्याची लाज असते.

दुसरा मुलगा गाडीवरून घरोघरी पार्सल पोचवतो. उशीर झाला म्हणून गिऱ्हाईक बोललं, सुपरवायझर बोलला. तिथं तोंड उघडलं तर काम जाईल. घरी आल्यावर भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावतो, बहिणीवर खेकसतो. वड्याचं तेल वांग्यावर. याचं पुस्तकी नाव विस्थापन. राग खरा असतो, पत्ता चुकलेला असतो.

नुकतं लग्न झालेला एक जण बायकोचा मोबाईल तपासतो. "तुझा माझ्यावर विश्वासच नाही," असं वर तिलाच सुनावतो. आपल्या मनातली शंका, आपल्याला नको असलेली भावना उचलून दुसऱ्याच्या अंगावर टाकायची, याला प्रक्षेपण म्हणतात. चोराच्या मनात चांदणं, ही म्हण त्याच्या फार जवळची.

बाप गेल्यावर तिसऱ्याच दिवशी मित्रांत हसत-खिदळत फिरणारा मुलगा तुम्ही पाहिला असेल. सगळी गल्ली म्हणते, "बघा, याला बापाचं काहीच नाही." खरं तर झालेलं सत्य आत घ्यायची त्याची ताकद अजून जमलेली नसते. मन दारातच उभं राहून म्हणतं, असं काही घडलंच नाही. हा नकार.

आणि ती मुलगी, जिला परीक्षेच्या आदल्या दिवशी पोटात कळा येतात. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी तपासली, रिपोर्ट नॉर्मल. मग वॉर्डातला कुणीतरी म्हणतो, "नाटक आहे." नर्स म्हणून सांगते, ते नाटक नसतं. कळ तिला खरीच येते. जे तोंडानं बोलता येत नाही ते शरीर बोलतं. आधी शरीराची तपासणी नीट करून घ्यायचीच, ती टाळायची नाही. पण रिपोर्ट चांगले आले म्हणजे मुलगी खोटं बोलते, असा त्याचा अर्थ होत नाही.

हाच पुढं कायमचा स्वभाव होतो का?

माणसाचं व्यक्तिमत्त्व एका गोष्टीनं बनत नाही. थोडं जन्मतः येतं. कुणी बाळ पहिल्या दिवसापासून शांत, कुणी किरकिरं. थोडं घर, शाळा, गल्ली घडवते. आणि थोडं, मन स्वतःला वाचवायला काय शिकलं त्यावर ठरतं. एकच पायवाट रोज तुडवली की ती रुंद होते. तसं प्रत्येक दुखण्यावर राग, हाच उपाय दहा वर्षं वापरला की माणूस रागीट होतो. प्रत्येक अपयशाला दुसराच जबाबदार, असं दहा वर्षं म्हटलं की माणूस कुढा आणि संशयी होतो.

पण विशीत ही वाट अजून डांबरी झालेली नसते. राग आवरणं, पुढचा विचार करणं, हे काम मेंदूचा पुढचा भाग करतो आणि तो जवळपास पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. विशी ते चाळिशी या काळात बहुतेक माणसं जास्त जबाबदार आणि मनानं जास्त स्थिर होत जातात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणूनच विसाव्या वर्षी मारलेला शिक्का चुकीचा असतो. पीक उभं राहायच्या आधीच आपण शेत नापीक ठरवतो.

याबद्दल अमेरिकेतल्या बोस्टन भागातला एक अभ्यास आपल्या कामाचा आहे. १९३८ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या २६८ विद्यार्थ्यांचा अभ्यास सुरू झाला. ही बहुतेक बऱ्या घरची पोरं. त्याच सुमारास बोस्टन शहरातल्या गरीब वस्त्यांतल्या मुलांचाही एक वेगळा अभ्यास सुरू झाला होता. त्यातल्या ४५६ जणांची माहिती पुढं कित्येक दशकं, ते म्हातारे होईपर्यंत, घेतली गेली. डॉ. जॉर्ज व्हेलंट या मानसोपचारतज्ज्ञांनी दोन्ही गट बघितले. कोण कुठल्या संकटात मनाची कोणती युक्ती वापरतो, हे त्यांनी तपासलं आणि या युक्त्यांची कच्च्यापासून पक्क्यापर्यंत उतरंड लावली.

त्यांना आढळलं, की पक्क्या युक्त्या वापरणाऱ्यांचं पुढचं आयुष्य, संसार, काम, मैत्री जास्त बरी गेली. वय वाढलं तशा बऱ्याच जणांच्या कच्च्या युक्त्या कमी होत गेल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं हे, की पक्क्या युक्त्या वापरायची ताकद बापाच्या पैशावर, शिक्षणावर किंवा बुद्ध्यांकावर अवलंबून नव्हती. गरीब वस्तीतल्या पोरांतही ती तशीच सापडली. या दोन्ही गटांत फक्त गोरे पुरुष होते, बाया नव्हत्या, ही त्या अभ्यासाची मर्यादा. तरी "आपल्या वस्तीतली पोरं अशीच निघायची" म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा. त्यांत आपलेही लोक आहेत.

पक्क्या युक्त्या म्हणजे काय

व्हेलंट यांनी पाच सांगितल्या आणि पाचही आपल्या वस्तीत रोज दिसतात.

पहिली, उदात्तीकरण. जयंतीच्या मंडळात ढोल-लेझीमच्या तालमीला रात्री बारापर्यंत घाम गाळणारा पोरगा आतला धुमसणारा राग एका चांगल्या कामात ओतत असतो. कुणी रक्तदान शिबिर उभं करतं, कुणी अभ्यासिका चालवतं, कुणी गाणं लिहितं. दुसरी, दुसऱ्यासाठी झटणं. स्वतः फॉर्म भरताना ठेच खाल्लेली मुलगी पुढच्या पोरींचे स्कॉलरशिपचे फॉर्म भरून देते. तिसरी, स्वतःवर हसता येणं. दुसऱ्याची टिंगल करणं यात येत नाही. चौथी, येणाऱ्या संकटाची आधी तयारी करणं. पाचवी, सबुरी: "हे दुखतंय, मला माहीत आहे. पण उद्या पेपर आहे, परवा बघू." दाबून टाकणं आणि बाजूला ठेवणं यात फरक आहे. दाबून टाकलेलं माणूस विसरतो आणि ते दुसरीकडून फुटतं. बाजूला ठेवलेलं परवा पुन्हा हातात घेता येतं.

खऱ्या अपमानाला मनाचा खेळ म्हणू नका

इथं एक इशारा द्यायलाच हवा, कारण हे ज्ञान आपल्याच पोरांवर उलटवलं जातं. मुलगी हॉस्टेलवरून घरी येते आणि सांगते, "मेसमध्ये मुली माझ्या शेजारी बसत नाहीत. सरकारी जावई म्हणतात. सर मार्कांवरून टोमणा मारतात." अशा वेळी "तू फार मनाला लावून घेतेस", "तुलाच तसं वाटतं", असं म्हणणारे दोन बुकं शिकलेले लोक भेटतात. जातीवरून झालेला अपमान हा बाहेर घडलेला प्रकार आहे. त्याला तिच्या मनाचं प्रक्षेपण ठरवणं म्हणजे जखम करणाऱ्याला मोकळं सोडून जखमी माणसाला दोष देणं. तिथं पहिलं काम, तिचं म्हणणं खरं मानून ऐकणं. दुसरं काम, तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवणं. मग कॉलेजच्या अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडं लेखी तक्रार, आणि गरज पडली तर १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याचा आधार.

पण अपमान खरा असला तरी त्याचं मनात काय होतं, हा वेगळा प्रश्न उरतोच. खरा अपमान झालेली दोन पोरं दोन वाटांनी जातात. एकजण घरच्यांवर तेच ओततो. दुसरा त्यातून काही उभं करतो.

बाबासाहेबांचं बडोद्याचं उदाहरण आपल्याला माहीत आहे. साल १९१७, वय २६. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकून आलेला हा तरुण नोकरीसाठी बडोद्याला गेला. जातीमुळं राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावानं त्याला बाहेर काढलं. अठरा वर्षांनंतर ही आठवण लिहिताना बाबासाहेबांनी सांगितलं आहे, की ती आजही डोळ्यांत पाणी आणल्याशिवाय राहत नाही. हे नीट वाचा. एवढा मोठा माणूस "मला काही फरक पडला नाही" असं म्हणत नाही. दुःखाला दुःख म्हणतो, आणि १९२० साली 'मूकनायक' सुरू करतो. रडू आलं म्हणजे माणूस कमकुवत, हे आपल्या पोरांना शिकवणाऱ्यांनी हा दाखला त्यांना जरूर वाचून दाखवावा.

घरात काय करायचं

पहिलं, शिक्का थांबवा. "तू असाच आहेस" याऐवजी "आज तू असा का वागलास?" असं म्हणा. पहिल्या वाक्यात दार बंद होतं, दुसऱ्यात किलकिलं तरी होतं.

दुसरं, खपली ओढू नका. भरतीत पडलेल्या पोराला "खोटं बोलू नकोस, तुला जमलं नाही म्हणून तू असं बोलतोस," असं चारचौघांत म्हटलं तर तो आणखी घट्ट होईल. चार दिवस जाऊ द्या. मग सोबत चहा पिताना म्हणा, "दोन वर्षं पळालास, मी बघत होते. वाईट वाटलं असेल." एवढंच. उत्तर आलं नाही तरी चालेल. लगेच उपदेश जोडू नका.

तिसरं, बोलायला समोरासमोर बसवू नका. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं असताना कोण मन मोकळं करणार? पाणी भरायला, बाजारात, गाडीवर मागं बसून जाताना पोरं जास्त बोलतात. आणि ती आई-बापाशीच बोलली पाहिजेत असंही नाही. मावशी, मामा, मोठी ताई, शिक्षक, एक भरवशाचं माणूस पुरतं. त्यानं सांगितलेलं गल्लीभर होता कामा नये.

चौथं, हाताला काम आणि मनाला जागा द्या. नोकरी नाही म्हणून घरात बसलेल्या मुलाला विहारातल्या अभ्यासवर्गाची, मंडळाच्या हिशेबाची, लहान मुलांच्या खेळाची जबाबदारी द्या. पोरींनाही द्या. त्यांनाच नेमकं घरकामात अडकवून म्हणतात, ती बोलत नाही.

पाचवं, आणि हे ठासून सांगते: कारण समजलं म्हणजे वागणं माफ झालं असं नाही. बाहेरचा राग आई, बहीण, बायको यांच्यावर काढणाऱ्या पोराला "बिचारा टेन्शनमध्ये आहे" म्हणून सोडायचं नाही. हात उचलला तर तिथंच थांबवायचं, गरज पडली तर पोलिसांची मदत घ्यायची. वांग्यालाही जीव असतो. मुलाच्या मनाची काळजी सुनेच्या पाठीवर वळ उठवून होत नाही.

दवाखाना कधी गाठायचा

काही गोष्टी घरच्या समजुतीनं सुटत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, काम सगळं बिघडलं. पोरगं माणसांतून पूर्ण उठलं. कुणी नसताना आवाज ऐकू येतात किंवा कुणी मारायला टपलंय अशी खात्री वाटते. दारू, गुटखा, गोळ्यांशिवाय दिवस जात नाही. अंगावर ब्लेडचे वार दिसतात. "मी नसलो तर तुम्ही सुटाल," असं बोलणं येतं. यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. मरणाची भाषा ऐकली तर सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाही, उलट ओझं हलकं होतं. त्या काळात एकटं सोडू नका. उंदीर मारायचं औषध, फवारणीचं औषध, गोळ्यांची पाकिटं घरातून हलवा.

जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचाराची ओपीडी असते. केसपेपर काढा आणि तिथं जा. तेवढ्यासाठी कुणी 'वेडा' ठरत नाही. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ हा सरकारचा 'टेली मानस' क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. सरकारी दवाखान्यात मानसिक उपचार मिळणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दिलेला हक्क आहे. पेशंटची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. पोलिस केसच्या भीतीनं विष घेतलेल्या पोराला लोक घरीच मीठ-पाणी पाजत बसतात आणि वेळ जातो. त्याच कायद्याच्या कलम ११५ नुसार, जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याला शिक्षा करायची नसते. दवाखान्यात नोंद होईल, होऊ द्या. घरी काही पाजत, उलटी करवत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

आणि पोरापोरींनो, तुम्हाला

हे पान तुमच्या आईनं वाचायला दिलं असेल तर तिच्यावर चिडू नका. रात्री झोपायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: आज मी ज्याच्यावर चिडलो, राग खरंच त्याचाच होता का? उत्तर लगेच येणार नाही. दहा दिवस विचारलं तर येईल. ज्याला आपली युक्ती ओळखता आली, त्याला ती बदलताही येते. तुम्ही जे आज आहात, तेच पंचविसाव्या वर्षी असाल असं कुठंही लिहून ठेवलेलं नाही. घरचे म्हणत असतील, तरीही नाही.